फौंड्रीतल्या मशीनला छोटा पीएलसी: निवडण्यापासून चालू करेपर्यंत

कोल्हापूरकडं शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल-हातकणंगले पंचतारांकित, कुठल्याही एमआयडीसीत जावा, जुन्या मशीनवर अजून रिले आणि टायमरचं पॅनल दिसतंयच. एक टायमर अडकला की अख्खी शिफ्ट बसून राहते आणि मग मालक म्हणतो की पीएलसी, म्हणजे रिले-टायमरचं काम प्रोग्रामनं करणारा छोटा कंट्रोलर, टाकूया. तिथनं पुढचा पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या कंपनीचा घ्यायचा?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. छोट्या मशीनवर पीएलसी स्वतः फार क्वचित बिघडतो, त्रास देतात ते त्याच्या बाहेरचे लोक म्हणजे सेन्सर, व्हॉल्व्हची कॉइल, ढिली वायर, अर्थिंग आणि पॅनलमध्ये शिरलेली धूळ. म्हणून या लेखात ब्रँडवर कमी आणि बाकीच्यावर जास्त बोलणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

हवेत बोलण्यापेक्षा एक मशीन डोळ्यासमोर धरूया. शेल कोअर शूटर, म्हणजे कास्टिंगमधल्या पोकळीसाठी लागणारा वाळूचा कोअर बनवणारं मशीन, आपल्याकडं फौंड्रीत बऱ्याच ठिकाणी असतंय. डाय (साचा) बंद होते, वरनं ब्लो हेड खाली येतं, हवेच्या प्रेशरनं रेझिन लावलेली वाळू गरम डायमध्ये मारली जाते, ठरलेला वेळ क्युअरिंग, मग डाय उघडते आणि इजेक्टर कोअर बाहेर ढकलतो. सगळं न्यूमॅटिकवर, हीटिंग इलेक्ट्रिक. छोट्या पीएलसीला अगदी बरोबर बसणारं काम.

आधी कागद-पेन्सिल, मग कॅटलॉग

मशीनसमोर उभं राहून आय/ओ लिस्ट, म्हणजे पीएलसीत येणाऱ्या (इनपुट) आणि त्यातनं जाणाऱ्या (आउटपुट) सिग्नलची यादी, करायची. ऑफिसात बसून नाही, मशीनसमोर, आणि ऑपरेटरला बरोबर घेऊन, कारण "हे बटण आम्ही वापरतच नाही" आणि "इथं एक सेन्सर पाहिजे होता बघा" या दोन गोष्टी फक्त त्यालाच माहिती असतात.

आपल्या मशीनचे इनपुट मोजू. ऑटो-मॅन्युअल सिलेक्टर, टू-हँड स्टार्टचा (दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची) सिग्नल, सायकल स्टॉप, रिसेट, सेफ्टी रिलेचा (इमर्जन्सीला वीज तोडणारा) फीडबॅक, गार्डचा स्विच, एअर प्रेशर स्विच, वाळूच्या हॉपरची लेव्हल, हे झाले ८. डाय उघडी-बंद, हेड वर-खाली, इजेक्टर पुढं-मागं असे ६ रीड स्विच, सिलिंडर कुठं पोचला ते सांगणारे. दोन टेम्परेचर कंट्रोलरकडनं "तापमान ओके" असे २. एकूण १६. आउटपुटला व्हॉल्व्हचे कॉइल, म्हणजे डायचे दोन, हेड, ब्लो, एक्झॉस्ट, सँड गेट, इजेक्टर मिळून ७, हीटरचा मेन कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच) १, टॉवर लॅम्पचे ३ आणि बझर १. एकूण १२.

आता यावर किमान २० टक्के स्पेअर धरायचं. म्हणजे २० इनपुट आणि १५ आउटपुट. हे स्पेअर म्हणजे चैन नव्हे, मशीन चालू झाल्यावर महिन्याभरात कुणीतरी काउंटरला सेन्सर लाव म्हणणारच, आणि एखादा पॉइंट जळाला तर वायर शेजारच्या पॉइंटवर नेऊन प्रोग्राममध्ये पत्ता बदलला की काम चालू.

इथंच बऱ्याच जणांची निवड फसते बघा. सिमेन्स एस७-१२०० मधला लोकप्रिय सीपीयू १२१४सी घेतला तर त्यावर १४ इनपुट आणि १० आउटपुट असतात, म्हणजे एकटा पुरत नाही, शेजारी ८ इन ८ आउटचं मॉड्यूल लावलं की २२ आणि १८ होतात, मग निवांत. मित्सुबिशी एफएक्स५यू चं ३२ पॉइंटचं मॉडेल १६-१६ चं, त्यात इनपुट पहिल्याच दिवशी भरले, स्पेअर शून्य. डेल्टा ईएस२ किंवा श्नायडर एम२२१ चं ४० पॉइंटचं मॉडेल २४-१६ चं येतं, ते एकाच तुकड्यात बसतं. म्हणजे बघा, गणित केलं तर अर्धी निवड आपोआप होते, भांडायचं कारणच राहत नाही.

आणि मशीन अगदीच छोटं असेल, म्हणजे पाण्याचे दोन पंप, एक कन्व्हेयर एवढंच, तर सिमेन्सचा लोगो पण पुरतो, त्याच्या बेस मॉड्यूलला ८ इनपुट ४ आउटपुट असतात. उगं मोठा घोडा बांधायचा नाही.

रिले आउटपुट का ट्रान्झिस्टर

या प्रश्नावर जरा थांबूया कारण दुकानदार इथं काहीच विचारत नाही, शेल्फवर जे आहे ते देतो.

रिले आउटपुटला एसी-डीसी काहीही चालतं, साधारण २ अँपिअर झेपतं, वायरमनला समजायला सोपं. पण आत खरा रिले आहे आणि त्याच्या कॉन्टॅक्टचं आयुष्य ठरलेलं. एस७-१२०० च्या रिलेला पूर्ण लोडवर १ लाख ऑपरेशन दिलेली आहेत. आपलं कोअर मशीन ९० सेकंदाची सायकल धरा, तासाला ४०, दोन शिफ्टचे १६ तास म्हणजे दिवसाला ६४०, महिन्याचे २५ दिवस पकडले तर १६ हजार. भागाकार तुम्हीच करा, जेमतेम सहा महिने. २४ व्होल्टची सोलेनॉइड कॉइल २ अँपिअर ओढत नाही, ०.२ च्या आसपास ओढते, त्यामुळं प्रत्यक्षात बरंच जास्त चालतं हे मान्य, पण कॉइल बंद होताना जो उलटा व्होल्टेजचा फटका मारते त्यानं कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि ते काळे पडत जातात.

ट्रान्झिस्टर म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याला घासणारं काही नाहीच. साधारण ०.५ अँपिअर प्रति पॉइंट, फक्त डीसी. २४ व्होल्टच्या व्हॉल्व्हना थेट चालतो. २३० व्होल्टच्या कॉन्टॅक्टरला मात्र मध्ये इंटरफेस रिले लागतो, सॉकेटवाला घ्यायचा, जळाला तर ऑपरेटरसुद्धा बदलू शकतो. सर्वो, स्टेपर, पल्स असलं काही पुढं लावायचं मनात असेल तर ट्रान्झिस्टरशिवाय पर्यायच नाही.

माझं मत विचाराल तर सायकलवर चालणाऱ्या मशीनला ट्रान्झिस्टर, आणि पंप-ब्लोअर असलं दिवसातनं चार वेळा चालू-बंद होणारं असेल तर रिले. दोन्हीकडं डीसी कॉइलला उलटा डायोड टाकायचाच, साधा १एन४००७ चालतो, पट्टी असलेली बाजू प्लसला. एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलला आरसी स्नबर, म्हणजे तोच फटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी.

पीएनपी, एनपीएनचा घोळ

सेन्सर मागवताना हे लिहिलं नाही तर मिक्स माल येतो आणि मग चालू करायच्या दिवशी सगळे एकमेकांकडं बघत बसतात. पीएनपी सेन्सर चालू झाला की सिग्नलच्या काळ्या वायरवर २४ व्होल्ट देतो, एनपीएन चालू झाला की काळी वायर ० ला ओढतो. पीएलसीच्या इनपुटचा कॉमन त्याप्रमाणं जोडायचा, पीएनपीसाठी कॉमन ० व्होल्टला, एनपीएनसाठी २४ ला. हल्लीचे बहुतेक छोटे पीएलसी दोन्ही घेतात, पण एका कॉमनच्या ग्रुपमध्ये एकाच जातीचे सेन्सर पाहिजेत. मी सगळीकडं पीएनपी घ्या म्हणतो, कारण वायरचं साल निघून ती मशीनच्या बॉडीला लागली तर पीएनपीत फ्यूज उडतो, एनपीएनमध्ये खोटा सिग्नल जातो, आणि कोअर मशीनवर "डाय बंद आहे" असा खोटा सिग्नल म्हणजे काय ते सांगायला नको. एक लक्षात घ्या, हा फायदा मिळायला ० व्होल्ट एका जागी अर्थला बांधलेला पाहिजे, नाहीतर फ्यूज उडणारच नाही.

ट्रान्झिस्टर आउटपुटलाही हीच भानगड आहे. मित्सुबिशीत मॉडेलच्या शेवटी ईएस असेल तर सिंक (० ला ओढणारा), ईएसएस असेल तर सोर्स (२४ देणारा). ऑर्डर देताना पूर्ण मॉडेल नंबर लिहा, "३२ पॉइंटवाला" असं फोनवर सांगून माल मागवू नका.

दोन वायरचे प्रॉक्सिमिटी सेन्सर शक्यतो टाळा. बंद असतानाही त्यातनं थोडा करंट गळत असतो, आणि काही पीएलसी तेवढ्यावर इनपुट चालू धरतात.

आता ब्रँड

इथं तीनच गोष्टी बघायच्या. एक, सॉफ्टवेअर. डेल्टाचं फुकट, श्नायडर एम२२१ चं फुकट, सिमेन्स आणि मित्सुबिशीचं लायसन घ्यावं लागतं. दोन, प्रोग्रामिंगचा माणूस. रात्री दोन वाजता मशीन थांबलं तर कोल्हापुरातनं कोण येणार, आणि त्याला कुठला ब्रँड येतो? पुण्याचा इंजिनिअर हुशार असला तरी सकाळ झाल्याशिवाय पोचत नाही. तीन, कारखान्यात आधीच कुठला चाललाय. चार मशीनवर एकच मॉडेल असेल तर एक स्पेअर चारींना पुरतो. पुण्याच्या मेसुंगसारखे देशी मेकही आहेत, तेही बघा. इथरनेट पोर्ट असलेलाच घ्या आणि आरएस४८५ पण असू दे, टेम्परेचर कंट्रोलर, एनर्जी मीटर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) हे सगळे मॉडबसवर, म्हणजे उपकरणांच्या आपसातल्या बोलण्याच्या ठरलेल्या भाषेवर, त्यालाच जोडता येतात.

डायचं तापमान पीएलसीत आणायचा मोह होतो. आणता येतं, थर्मोकपलचं मॉड्यूल मिळतं. पण साधे दोन पीआयडी कंट्रोलर (तापमान आपोआप राखणारे) बाहेर ठेवले तर ऑपरेटरला आकडा समोर दिसतो, सेटिंग त्याला जमतं, आणि पीएलसी बंद असला तरी सकाळी लवकर हीटिंग चालू करता येतं. हीटर चालू-बंद करणारे एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) थेट कंट्रोलरवरनं चालवायचे. मेन कॉन्टॅक्टरला मात्र त्यासाठी स्वतंत्र हीटिंगचा सिलेक्टर द्या, आणि कंट्रोलर अडकला तर कॉन्टॅक्टर पाडणारा ओव्हर-टेम्परेचर कट-ऑफ वेगळा लावा.

इमर्जन्सीचा तार पीएलसीतनं नेऊ नका

याला वेगळं शीर्षक दिलंय ते मुद्दाम. लाल मश्रूम बटण नुसतं पीएलसीच्या इनपुटला दिलं आणि प्रोग्राममध्ये बंद केलं, असली पॅनल अजूनही बघायला मिळतात. पीएलसी हँग झाला, आउटपुट चिकटला, की त्या बटणाची किंमत शून्य. एनसी (एरवी जोडलेले, बटण दाबलं की तुटणारे) कॉन्टॅक्ट दोन, ते सेफ्टी रिलेला, आणि सेफ्टी रिलेनं व्हॉल्व्हकडं जाणारे २४ व्होल्ट थेट तोडायचे. पीएलसीला फक्त "तुटलं" एवढा फीडबॅक. टू-हँड स्टार्टची दोन्ही बटणंही टू-हँडच्या सेफ्टी रिलेवर, म्हणजे एक बटण कापडाची चिंधी लावून दाबून ठेवायची कला चालत नाही.

आणि नुसती वीज तोडून भागत नाही, हवा अडकून राहते. डाय बंद होताना कुणाचा हात सापडला आणि वीज तोडली तर डाय तशीच दाबून बसणार का सैल सुटणार, हे व्हॉल्व्ह निवडतानाच ठरवायचं. मेन एअर लाइनवर डंप व्हॉल्व्ह (अडकलेली हवा बाहेर सोडणारा) लावा, पण तोही प्रत्यक्ष करून बघा, कारण हवा गेल्यावर वरचं हेड स्वतःच्या वजनानं खाली येत असेल तर त्याला सिलिंडरचा रॉड जागच्या जागी पकडणारा रॉड लॉक लागतो. कायद्यानं मशीनला गार्डिंग बंधनकारक आहेच, पण इन्स्पेक्टर येणार म्हणून नव्हे तर ऑपरेटरचा हात म्हणून हे करायचं.

पॅनल

फौंड्रीतली धूळ ही नुसती धूळ नसते, त्यात लोखंडाची पूड असते आणि ती करंट वाहते. त्यामुळं दाराला पंखा आणि जाळी लावलेलं पॅनल शॉट ब्लास्टिंगच्या शेजारी ठेवणं म्हणजे धुळीला आमंत्रण. आयपी५४ किंवा ५५ (धूळ-पाणी अडवायचा दर्जा) चं बंद पॅनल घ्या, आकार गरजेपेक्षा मोठा, म्हणजे उष्णता पत्र्यातनंच बाहेर जाते. पीएलसीला साधारण ५५ ते ६० डिग्रीपर्यंत चालतं, पण एस७-१२०० आडवा बसवला तर ६० आणि उभ्या रेलवर बसवला तर ५०, हे कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असतंय. वर-खाली २५ मिमी मोकळी जागा सोडायची, तिथं वायर कोंबायच्या नाहीत.

पॅनल मशीनच्या बॉडीवर थेट बसवू नका, प्रत्येक ब्लोला धक्का बसतो. डायची उष्णता पोचणार नाही एवढं लांब, वेगळ्या स्टँडवर. आणि आपल्याकडचा पाऊस धरून चाला. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की रविवारी बंद ठेवलेल्या पॅनलमध्ये सोमवारी सकाळी आत पाणी धरलेलं असतं. थर्मोस्टॅटवाला छोटा पॅनल हीटर लावा, केबल खालनंच आत घ्या, आणि ग्लँडचं, म्हणजे केबल आत घ्यायचं, एकही भोक उघडं ठेवू नका. न वापरलेल्या भोकातनं पाल आत येते, आणि पाल टर्मिनलवर चिकटली की फॉल्ट शोधता शोधता दिवस जातो.

आत मांडणी करताना एका बाजूला ताकदवाले, म्हणजे एमसीबी, कॉन्टॅक्टर, एसएसआर, व्हीएफडी, आणि दुसऱ्या बाजूला पीएलसी, एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा सप्लाय), टर्मिनल. एसी आणि डीसीच्या वायरींना वेगवेगळे डक्ट, दोघांमध्ये शक्य तेवढं अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. रंग ठरवून घ्या: पॉवर काळा, एसी कंट्रोल लाल, डीसी कंट्रोल निळा, अर्थ हिरवा-पिवळा. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना फेरूल नंबर (वायरचा नंबर असलेली नळी) आणि पिन लग (टोकाला दाबून बसवायची पिन). सुट्या तारा पिळून टर्मिनलमध्ये घालणाऱ्या वायरमनला प्रेमानं समजवा, नाही ऐकलं तर दुसरा बघा.

सप्लाय आणि अर्थिंग

२४ व्होल्टचं गणित: ७ व्हॉल्व्ह, प्रत्येकी ५ वॅट धरला तर ३५ वॅट, म्हणजे दीड अँपिअर. एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) अर्धा, पीएलसी आणि सेन्सर मिळून अर्धा, लॅम्प-बझर पाव-अर्धा. झाले साधारण तीन. एकच ५ अँपिअरचा एसएमपीएस चालेल, पण दोन घेतले तर लय बरं, एक पीएलसी-सेन्सर-एचएमआयला, दुसरा फक्त व्हॉल्व्ह आणि लॅम्पला. मग व्हॉल्व्हची केबल कुठं घासून शॉर्ट झाली तर पीएलसी जागा राहतो आणि काय झालं ते स्क्रीनवर सांगतो. प्रत्येक शाखेला वेगळा फ्यूज टर्मिनल, एलईडीवाला.

इंडक्शन फर्नेस असलेल्या कारखान्यात लाइन घाण असते, त्यात फर्नेसचा लोड वर-खाली झाला की व्होल्टेजही हलतं. कंट्रोल सप्लाय आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधनं घ्या आणि सर्ज प्रोटेक्टर टाका. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर पीएलसी बसवायच्या आधी अर्थिंगचं काम काढा. मीठ-कोळशाचा तो जुना खड्डा कोरडा ठणठणीत पडलेला असतो, त्याला कुणी पाणीही घालत नाही. व्हीएफडीची केबल शील्डवाली, आणि वेल्डिंगचा अर्थ मशीनच्या बॉडीला कधीही लावू द्यायचा नाही, लावायचाच असेल तर आधी पीएलसीचा सप्लाय आणि कनेक्टर काढून.

प्रोग्राम थोडक्यात

लॅडर (पीएलसीची प्रोग्रामिंगची भाषा) शिकवायला हा लेख नाही, पण चार गोष्टी मागून घ्या. सीक्वेन्स स्टेपमध्ये लिहिलेला पाहिजे, म्हणजे मशीन थांबलं तर "स्टेप ४, हेड खाली येण्याची वाट" असं स्क्रीनवर मराठीत दिसलं पाहिजे. प्रत्येक सिलिंडरच्या हालचालीला टाइम-आउट अलार्म पाहिजे, ठरलेल्या सेकंदात रीड स्विच आला नाही तर थांब आणि सांग. डाय बंद आणि हेड खाली हे दोन्ही सिग्नल असल्याशिवाय ब्लो नाही, मॅन्युअलमध्येसुद्धा नाही. आणि लाइट जाऊन आली तर मशीन आपोआप चालू होता कामा नये, कितीही घाई असू दे. एकच आउटपुट दोन ठिकाणी लिहू नका, शेवटी लिहिलेला जिंकतो आणि पहिला का चालत नाही हे शोधत माणूस वेडा होतो.

पहिल्यांदा चालू करताना

हवा बंद, हीटर बंद. मल्टिमीटरनं आधी २४ आणि ० मध्ये शॉर्ट नाही ना बघायचं. मग पीएलसीचा फ्यूज काढून ठेवून फक्त एसएमपीएस चालू, २४ येतात का आणि प्लस-मायनस बरोबर आहे का. मग पीएलसी, पण आउटपुटचा सप्लाय बंद ठेवून.

आता एक माणूस मशीनवर, एक पॅनलसमोर. प्रत्येक स्विच, प्रत्येक रीड हातानं चालवायचा, पीएलसीवरचा दिवा आणि लिस्टमधला नंबर जुळला की टिक. कंटाळवाणं आहे, तरी एकही सोडायचा नाही. त्यानंतर आउटपुटचा सप्लाय देऊन एकेक व्हॉल्व्ह, हवा अजून बंदच, नुसता टक आवाज ऐकायचा. मग हवा कमी प्रेशरवर, दोन बारच्या आसपास, मॅन्युअलमध्ये एकेक सिलिंडर. इमर्जन्सी प्रत्येक स्टेपमध्ये दाबून बघायची, एकदा दाबून झालं असं नाही. मग वाळूशिवाय ऑटो, सायकलमागनं सायकल, निवांत अर्धा तास. हे सगळं पार पडलं की डाय तापवा, वाळू भरा आणि क्युअरिंगचा वेळ ऑपरेटरला लावू दे, कोअरचा रंग बघून त्याला जे कळतं ते आपल्याला कळत नाही.

पैसे देण्याआधी हातात काय पाहिजे

प्रोग्रामची कॉमेंटसह मूळ फाइल, एचएमआयची फाइल, पासवर्ड, सॉफ्टवेअरचं व्हर्जन आणि सुधारलेलं वायरिंग ड्रॉइंग. हे सगळं परचेस ऑर्डरमध्येच लिहून टाका. पीएलसी लॉक करून दिलेली मशीन भरपूर आहेत आणि बनवणारा नंतर फोन उचलत नाही, मग एक टायमर बदलायला अख्खा प्रोग्राम नवीन लिहावा लागतो. फाइल दोन ठिकाणी ठेवा, ड्रॉइंगची एक प्रिंट पॅनलच्या दारातल्या पाकिटात. जुना एफएक्स सिरीजचा पीएलसी असेल तर त्यातल्या बॅटरीची तारीख दारावर लिहा.

महिन्याभरानं पॅनलची वीज बंद करून सगळे स्क्रू एकदा आवळायचे, तापून-थंड होऊन ते ढिले पडतात. आणि आतली धूळ व्हॅक्यूमनं ओढून काढा, एअर गननं फुंकू नका, ती पूड तशीच पीएलसीच्या फटीतनं आत जाते.